पडद्यामागचा आचारी

ताई,

धाकट्याचा नमस्कार. आईला पत्र वाचून दाखवशील, तेव्हा एवढं मोठ्याने वाच: मी मजेत आहे, पोटभर जेवतो, खोलीत ऊन येतं. आईचा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना?

आता पुढचं मनातल्या मनात वाच.

आमच्या हॉटेलच्या पाटीवर लिहिलंय की इथे जपानच्या एका डोंगराळ भागातलं घरगुती जेवण मिळतं. रस्सा मी उकळतो, मासळी मी कापतो, पण पडद्याआड. माझा चेहरा जपानी नाही ना! गिऱ्हाइकांसमोर मालकाने दुसराच उभा केलाय. तोही जपानी नाही, नुसता तसा दिसतो. त्याला साधं पाणी तापवता येत नाही, ऐट मात्र नवरदेवाची.

परवा जपानच्या त्याच भागातले एक म्हातारे गृहस्थ जेवायला आले. रस्सा पिताना त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "आमच्या आईच्या हातची चव आहे. आचाऱ्याला बोलवा." मालकाने त्या नवरदेवाला पुढे केलं. म्हातारे त्याच्यापुढे कमरेत वाकले. आणि ताई, पडद्याआड हातातल्या पळीसकट मीही वाकलो. भांडी घासणारी बाई हसली, "कुणाला रे नमस्कार करतोस?"

काम सोडावं, तर राहती खोलीही मालकाचीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता इथून पुन्हा मोठ्याने वाच.

आई, परवा एक म्हातारे पाहुणे माझ्या हातचं जेवले आणि जाताना मला वाकून नमस्कार करून गेले.

तुमचा,
धाकटा