भार, हात न लावता

३ मार्च, दुपार
तालमीत पाठमोरा पडलो. पाच जणांनी झेललं, पण खारीचा हात अर्धा क्षण उशिरा आला. मनगटाला पट्टी. मुरगळलं म्हणाली. आजच कसं मुरगळलं?

खार म्हणजे आमच्या कंपनीतली सर्वांत लहानखुरी नर्तकी. नाव मीच ठेवलं. नाचाचं नाव ‘भार’. शेवटी मी पाठमोरा पडतो, ते झेलतात. सगळा नाच त्या पडण्यासाठी बसवलाय. प्रयोग २१ ला.

सहा वर्षं एचआयव्ही आहे. रोज एक गोळी. डबीवर चिकटपट्टी, ‘व्हिटॅमिन’. कंपनीत कोणाला पत्ता नाही. डॉक्टरबाई म्हणतात, रिपोर्ट उत्तम, तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही, वाढलाय तो फक्त संशय. त्यांचे कोणी कान भरलेले दिसतात.

मी संशयी नाही. नोंदी ठेवतो.

५ मार्च
संकल्प: कागद वाया घालवायचा नाही. घरातल्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकाला नाचाची मोजणी लिहून दिली. कोणी कौतुक केलं नाही. खारीने तर दहा मिनिटांत चार घड्या घालून परत दिला. पाठ झालं म्हणे, हा तुमच्याकडेच असू द्या. बॅगेच्या कप्प्यात टाकला. एवढा गर्व बरा नव्हे.

७ मार्च
चारला गोळी. गजर माझ्या फोनवर, नाचाचं संगीतही त्याच फोनवर, त्यामुळे गजर हॉलच्या स्पीकरमधून वाजतो. रोज वेगळं कारण देतो. आज: गॅसवाल्याला फोन करायचाय. सगळ्यांना पटतं.

पण कालपासून एक नवीन. गजर झाला की खार ‘पाणी’ म्हणते आणि पाचही जण जिन्यावर जातात. मला गोळी निवांत घेता येते, हे खरं. पण तहान सगळ्यांना एकदम? नेमकी चारला?

९ मार्च
दाराआड उभा राहून ऐकलं. एक जण म्हणाला, झालं असेल आता. खार म्हणाली, अजून दोन मिनिटं. कसली दोन मिनिटं? दुसऱ्या कंपनीत जायचं शिजतंय.

पाळतीच्या नादात गोळी साडेचारला. उद्यापासून वेळेवर.

१२ मार्च
त्यांनी अंग चोरण्याआधी आपणच मोकळं करावं. नाचातून उचलणं काढलं. मग हातात हात काढला. अंतर हाच खरा भार, असं समजावलं. दिवेवाल्याने विचारलं, सगळे एवढे लांब लांब उभे राहणार, तर हा नाच आहे की बसस्टॉप? त्याने दिवे लावावेत.

१४ मार्च
ताईचा फोन. तिला एकटीला सगळं माहीत आहे. कट सांगितला. ती म्हणाली, “अरे, लहानपणी तू पडद्यामागे लपायचास आणि पाय बाहेर. आम्ही घरभर शोधायचं नाटक करायचो.” याचा इथे काय संबंध?

१७ मार्च
पडणंही काढलं. झेलणार नाहीत याची खात्री झाली होती. आता शेवटी नुसता उभा राहतो. मग शेवट काय, असं कोणीतरी विचारलं. म्हटलं, प्रेक्षक ठरवतील. खारीच्या डोळ्यांत पाणी. धूळ गेली म्हणाली. फरशी आजच पुसलीय.

१९ मार्च
सापळा. गजर बंद ठेवला. सलग तालीम, मध्ये थांबायचं नाही, असं बजावलं. चारला जो घड्याळाकडे बघेल तो फितूर.

चार वाजून पाच मिनिटांनी खार थांबली. ‘पाणी’ म्हणाली. बाकीचे सवयीने जिन्यावर गेले. ती गेली नाही.

“सर, चार वाजून गेले. गोळी घ्या.”

म्हटलं, व्हिटॅमिनचं काय, नंतर घेतलं तरी चालतं.

“व्हिटॅमिन चालेल. ही नाही.”

बाकीच्यांना काही माहीत नाही म्हणाली. सर चारला ध्यानाला बसतात, असं तिने सांगून ठेवलंय. मग म्हणाली, “आठवडा झाला, तुम्ही कोणाला हात लावत नाही. आमची किळस येते का?”

डबी उघडली. गोळी घेतली.

घरी बॅगेचा कप्पा उघडला. चार घड्यांचा कागद. एका बाजूला मोजणी, माझं अक्षर. दुसऱ्या बाजूला माझं नाव, माझं वय, रक्ततपासणी, निकाल. पाच तारखेपासून बॅगेत होता.

आज नोंद करण्यासारखं दुसरं काही नाही.

२० मार्च, सकाळ
हातात हात, उचलणं, पडणं, सगळं परत घातलं. पडलो. पाचही जणांनी झेललं. खारीचा हात पहिला आला, पट्टीसकट. वजन वाढलंय सर तुमचं, म्हणाली.

काट्यावर उभा राहून पाहिलं. दोन किलो.