आमच्या घरात तिसरा माणूसच न्हाई

आष्टी, ता. परतूर
सोमवार, दुपारी जेवणानंतर

तीर्थस्वरूप सुग्रीवदाजींना आष्टीहून रायभानचा वाकून रामराम.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. एरवी हा शब्द मी सवयीनं लिहितो, यावेळी एकेकाकडं बघून, खात्री करून लिहिला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? जुन्या जालन्यात दुकानाच्या पायऱ्या चढणं-उतरणं बंद करा असं डॉक्टर म्हणल्याचं कळलं, पण मंग दुकानात जायचं कसं हे त्यांनी सांगितलं न्हाई वाटतं. सगुणाताईची साखर किती निघाली? (तिला विचारू नका, ती कमी सांगते. रिपोर्टचा कागद बघा.) फोन करायचा सोडून हा पत्र का लिहून राह्यला, असं तुमच्या मनात येईल. दाजी, फोनवर ताई स्पीकर चालू ठेवते आणि पोळ्या लाटता लाटता मधीच निकाल देऊन टाकते. माझी गोष्ट अर्धीच राहते. ही गोष्ट मला पूर्ण सांगायची आहे.

आपल्या घरी सध्या पाच गाड्या आहेत, हे लिहिताना मलाच लाज वाटते, कारण माणसं चारच आहेत. (पोरगा कल्याण चाकणला कंपनीत, तो दिवाळीपुरता घरचा.) ट्रॅक्टर, शेळ्या-कापूस वाहायची पिकअप, माझ्या धाकट्या भावाची, वसंताची मोटारसायकल, सूनबाईची अंगणवाडीत जायची स्कूटी, आणि परतूरच्या डॉक्टरकडून घेतलेली पांढरी कार. ही कार मी का घेतली ते साखराबाई अजून मला विचारते आणि मी अजून विचार करून सांगतो म्हणतो. तर या पाचांच्या विम्याच्या तारखा पाच ठिकाणी. ट्रॅक्टरची गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलेली, आणि ते दार मागच्या पोळ्याला रंगवलं. पिकअपची मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर, ते कॅलेंडर आता पिठाच्या डब्याखाली. मोटारसायकलची वसंताच्या डोक्यात, स्कूटीची मनीषाच्या फोनमध्ये, आणि कारची कुणालाच म्हायती न्हाई. चैत्रात कार घेऊन राजूरला गणपतीला गेल्तो. आत देवाला गाडी दाखवली, बाहेर निघालो तर पोलिसानं बघितली. त्यानं मशीनमध्ये नंबर टाकला आणि अगदी हळू आवाजात, दवाखान्यात सांगतात तसं, सांगितलं की काका, हिचा विमा संपून चार महिने झाले. घरी येऊन सगळ्या गाड्यांचे नंबर बघितले, तर पाचांत एक स्कूटी तेवढी जिवंत निघाली.

मंग काकासाहेब मास्तरांना बोलावलं. ते शाळेतून रिटायर झाल्यावर विम्याचं काम करतात, पण शिकवायची सवय गेलेली न्हाई. लिंबाखाली बाजेवर बसून त्यांनी आम्हाला दीड तास विमा शिकवला. थोडक्यात असं, की आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा विमा, तो थर्ड पार्टी. तो कायद्यानं लागतोच. आणि आपल्याच गाडीला काही झालं तर तेही भरून देणारा, तो पूर्ण विमा; त्याला खर्चा जास्ती. कुठल्या गाडीला कुठला, ते घरात ठरवा म्हणले. आम्ही ठरवलं, म्हणजे मी ठरवलं आणि साखराबाई-वसंतानं मान डोलावली. माझा हिशेब सरळ होता. ट्रॅक्टर आणि पिकअप कमावतात, त्यांना पूर्ण. कार काय, लिंबाखाली उभी राहते आणि लग्नाला जाते, तिला थर्ड पार्टी बस झाली. मनीषा चहाचे कप गोळा करता करता म्हणाली की मी त्या कारवर गाडी शिकून राह्यले ना मामा. मी म्हणलं, शिक ना, विम्याचा आणि शिकण्याचा काय संबंध. हे वाक्य मी मास्तरांसमोर बोललो याचं मला आता जास्त वाईट वाटतं.

विमा तुटलेला असला की कंपनी गाडीचे फोटो मागते, हे मला म्हायती नव्हतं. फोनवर एक लिंक येते, ती उघडून गाडीच्या चारी बाजू दाखवायच्या. ट्रॅक्टरचे फोटो मी स्वतः काढले. पहिल्या खेपेला चारही फोटोंत माझं बोट आलं. दुसऱ्या खेपेला चेसिस नंबर दिसावा म्हणून खाली झोपलो, तर शेळी येऊन बाजूला उभी राहिली आणि कंपनीनं कळवलं की वाहनाजवळ अनोळखी वस्तू आहे. (ती शेळी आमच्याकडं तीन वर्षं आहे.) पिकअपचे फोटो वसंतानं काढले, ते एका दमात पास झाले, त्यानं ते चार माणसांत दोनदा बोलून दाखवलं. कारचं काम मनीषाकडं होतं. तिनं फोटो पाठवले आणि तासाभरात फोन आला की बॉनेटवर आणि टपावर पांढरे चट्टे दिसतात, रंग उडालाय का? आम्ही सगळे कारकडं पळालो. साखराबाईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. पत्रा चांगला तापतो म्हणाली, गच्चीवर चढायचं कशाला. त्या वाळेपर्यंत आम्ही दोन दिवस थांबलो, कारण ओल्या काढू देणार न्हाई असं तिनं सांगितलं आणि तिच्यापुढं कंपनीचं काय चालणार. मला तेव्हाही वाटलं होतं की नुसत्या थर्ड पार्टीला एवढे फोटो कशाला लागतात. पण मी विचारलं न्हाई, कारण विचारलं की मास्तर शिकवायला बसतात.

शेवटी सगळे कागद झाले. फोनवर आलेला ओटीपीचा आकडा मनीषानं मास्तरांना सांगितला आणि आपल्या चारही गाड्या कायद्यात आल्या. मी बेफिकीर झालो. पाचवा दिवस उजाडला.

मंगळवारची सकाळ होती. शेणखतानं भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर गोठ्याजवळच्या चढावर उभा होता. वसंतानं आदल्या दिवशी लावलेला. त्याचा हातब्रेक नावालाच आहे, म्हणून चाकाखाली दगड लावावा लागतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मनीषा अंगणवाडीत जायच्या आधी रोज कारमध्ये बसून, इंजिन चालू न करता, गिअर टाकायचा सराव करते. मी ओट्यावर दात घासत होतो. एकदम कर्रर्र आवाज आला आणि बघतो तर ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागं मागं उताराला लागलेला, वर कुणीच न्हाई. दाजी, मला ओरडता आलं न्हाई. तोंडात फेस होता. ट्रॉली कारच्या डिक्कीवर गेली, कार पुढं ढकलली जाऊन लिंबावर आदळली, आणि मंग सगळं गप झालं. साखराबाई अनवाणी पळत गेली. मी ब्रश धरून ओट्यावरच. डोळ्यांपुढं कल्याणचा चेहरा आला; त्याला फोन करून काय सांगायचं, एवढंच डोक्यात. तेवढ्यात कारचं उजवीकडचं दार उघडलं आणि मनीषा बाहेर आली. पदर नीट केला, किल्ली हातात तशीच. सरळ माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मामा, खाली बसा आधी. मला काही झालं न्हाई."

मी बसलो. खाली कुरडयांचं लुगडं पसरलेलं होतं. साखराबाई त्या दिवशी मला एक शब्द बोलली न्हाई, यावरून तुम्ही समजा काय प्रसंग होता. परतूरला नेऊन डॉक्टरला दाखवलं (कार ज्यानं विकली तोच). मानेला जरा झटका आहे, दोन दिवसांत जाईल म्हणला, आणि गेला.

जीव शांत झाल्यावर माणसाला राग येतो, तसा मला आला. सगळी गल्ली जमली होती. त्या सगळ्यांसमोर मी वसंताला बोललो. काय काय बोललो ते लिहीत न्हाई. तुम्ही मला ओळखता. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "दादा, दगड मी लावला होता." मी म्हणलं, मंग दगडाला पाय फुटले का. तो मोटारसायकलवर बसून गेला. कुठं गेला ते तुम्हाला माझ्यापेक्षा बराबर म्हायती आहे, म्हणून त्यावर जास्ती लिहीत न्हाई.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. मी हुशारीनं म्हणलं, ट्रॅक्टरनं दुसऱ्या गाडीचं नुकसान केलं, तर ट्रॅक्टरच्या थर्ड पार्टीतून कारचे पैसे मिळवू. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ट्रॅक्टर कुणाच्या नावावर? माझ्या. कार? माझ्याच. ते म्हणाले, "रायभानराव, विम्यात तिसरा माणूस लागतो. तुमच्या घरात तिसरा कोणी न्हाईच." मी कारकडं बघितलं. डिक्की आत, पुढचा दिवा फुटलेला, पत्रा लिंबाच्या आकाराचा. तेवढ्यात मास्तर पिशवीतून कागद काढत म्हणाले की पण काळजीचं कारण न्हाई, कारचा विमा पूर्ण आहे. मी म्हणलं तुमची चूक होऊन राह्यली, मी थर्ड पार्टी सांगितला होता. ते मनीषाकडं बघायला लागले.

झालं असं होतं, दाजी, की कारच्या फोटोंपासून आकडा सांगण्यापर्यंत फोन मनीषाच्या हातात होता. तिनं फोटोंच्या आधीच मास्तरांना सांगितलं, कारचा पूर्ण करा, वरचा खर्चा माझ्या मानधनातून घ्या, मामांना मी सांगते. आणि सांगितलं न्हाई. मी तिला विचारलं का न्हाई सांगितलं, तर म्हणाली, "तुम्ही ठरवलं तेव्हा गाडीत बसणारीला कुणी विचारलं न्हाई. म्हणून मी पण विचारलं न्हाई." मला राग यायला हवा होता. पण मी इतका सुटल्यासारखा झालो की तिथंच हसायला लागलो, मंग डोळ्यांत पाणी आलं, आणि मास्तरांना वाटलं मला चक्कर येऊन राह्यली.

सर्व्हेवाले साहेब येऊन गेले. भला माणूस. त्यांच्या फॉर्मात "समोरच्या वाहनाच्या मालकाशी नाते" असा रकाना होता, तिथं मी "मीच" असं लिहिलं. "त्यांच्याविरुद्ध काही तक्रार आहे का" या रकान्यावर साखराबाई म्हणाली जागा कमी पडेल. क्लेम मंजूर झाला. कार गॅरेजमध्ये आहे, शनिवारी येते. मनीषाचा सराव तोवर पिकअपवर चालू आहे, आणि पुढच्या वर्षीपासून कुठल्या गाडीला कुठला विमा ते तीच ठरवणार आहे. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
रायभान

ता. क. १ : तुमच्या दुकानाच्या दोन गाड्या आहेत. दोन्ही तुमच्याच नावावर असतील तर एकमेकींजवळ उभ्या करू नका.

ता. क. २ : दगड मी काढला होता. पहाटे वारं सुटलं आणि कडब्यावरची ताडपत्री उडायला लागली. जवळ दुसरा दगड दिसला न्हाई, वाटलं पाच मिनिटांत परत लावू. मंग विसरलो. वसंताला बोलत होतो तेव्हा तो दगड मला ताडपत्रीवर दिसत होता, तरी बोलत राह्यलो. साखराबाईला सांगितलं आहे, मनीषालाही सांगितलं आहे, गल्लीला काल पारावर बसून सांगितलं. राहिला तो एकटा वसंता, आणि तो माझा फोन उचलत न्हाई. पत्राचं एवढंच काम होतं, दाजी. हे त्याला वाचून दाखवा, न्हाई तर तुम्ही तोंडी सांगा. ताईला स्पीकर चालू ठेवायचा तर ठेवू द्या.

ता. क. ३ : त्याच्या मोटारसायकलच्या विम्याचा कागद सोबत आहे, तो न घेताच गेला. फॉर्म त्यानं स्वतः भरला होता, त्याची प्रत मास्तरांनी काल दिली. आपल्याला काही झालं तर पैसे कुणाला द्यायचे, तिथं त्यानं माझं नाव लिहिलंय आणि पुढं "मोठा भाऊ". त्याला म्हणावं, येताना हेल्मेट घालून ये. मला ते पैसे नकोत.