सदतिसावा संदर्भ

तीर्थरूप मामा,

सा. न. (म्हणजे साष्टांग नमस्कार. संक्षेप पहिल्यांदा वापरताना त्याचं पूर्ण रूप द्यायचं असतं, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. कसं, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं आईकडून कळलं. चढू नका. मी इथे मजेत आहे, म्हणजे गेल्या आठवड्यापासून आहे. त्याआधी जे झालं ते सांगायलाच हे पत्र.

तुमच्याच नादाने मी गोगलगायींच्या मागे लागलो, हे तुम्हाला माहीतच आहे. कोरडे दिवस आले की गोगलगाय शंखाचं तोंड बंद करून झोपते. अशी किती काळ तग धरते, हे पाहण्यासाठी मी साठ बरण्या सांभाळल्या, अठरा पानांचा लेख लिहिला आणि जर्नलला धाडला. चौथ्या दिवशी तो परत. संपादकांनी कळवलं होतं की लेख आम्ही वाचलेला नाही, कारण संदर्भसूची आमच्या पद्धतीची नाही. सोबत ती पद्धत, संक्षेपापासून टिंबापर्यंत, समजावणारी एक्केचाळीस पानं. (माझ्या लेखाच्या दुपटीहून जास्त, आणि खरं सांगायचं तर जास्त मन लावून लिहिलेली.) मुदत पंधरा दिवसांची. लेख वर्षअखेरपर्यंत स्वीकारला गेला नाही तर माझी नोकरी कायम होणार नव्हती. आमचे सर म्हणाले, "कारकुनी काम आहे रे, दुपारपर्यंत उरक," आणि चहाला गेले.

मी आधी संगणकाला शरण गेलो. एक बटण दाबलं की एकशे चौदा संदर्भ आपोआप रांगेत उभे राहतात म्हणे. राहिले, पण ज्याची त्याची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. आडनावं नावांच्या जागी गेली, खंड क्रमांक पानांच्या जागी बसले, आणि 'जीवशास्त्र विभाग' हा 'विभाग, जी.' नावाचा एक स्वतंत्र शास्त्रज्ञ होऊन त्याच्या नावावर अकरा लेख जमा झाले. (माझ्या नावावर तेव्हा दोन होते. मला त्याचा हेवा वाटला.)

शेवटी मी ग्रंथालयात टिंबबाईंकडे गेलो. त्यांना सगळे टिंबबाई म्हणतात, कारण टिंब कुठे हवं आणि कुठे नको यावरून त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलंय. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. खोलीत एक टेबल, एक टोकदार पेन्सिल आणि एक लाकडी पट्टी. ती ओळीखाली धरून त्या सूची शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतात, म्हणजे अर्थाच्या ओघात चूक निसटत नाही. मी कागद पुढे केले. मला वाटलं होतं, त्या टिंबं देतील. त्यांनी पट्टी एकशे चौदाव्यावर ठेवली आणि विचारलं, "हा वाचलाय?"

मामा, तुमच्यापाशी काय लपवायचं. एकशे चौदांपैकी मी एकसष्ट वाचले होते. बाकीचे दुसऱ्यांच्या सूचीतून उचललेले, जसे सगळेच उचलतात. बाई रागावल्या नाहीत. "मग बसा," एवढंच म्हणाल्या. मी नऊ दिवस बसलो. त्या कपाटांतून धूळभरले खंड काढायच्या, जे नव्हते ते ओळखीच्या ग्रंथालयांना फोन करून मागवायच्या, मी वाचायचो, मग त्या टिंब द्यायच्या. कुणावर उपकार करतोय असा आविर्भाव नाही, आवाज चढलेला नाही. इतकं शुद्ध काम इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं, आणि सर याला 'कारकुनी' म्हणाले तेव्हा मी मान डोलावली होती याची लाज वाटायला लागली.

दहाव्या दिवशी सदतिसावा संदर्भ टपालाने आला. या विषयावरचा सगळ्यात जुना लेख, जगात सगळे त्याचाच हवाला देतात. बाईंनी पट्टी ठेवली, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"तुम्ही 'अकरा महिने तग धरते' असं लिहिलंय."

"हो. सगळेच लिहितात."

"इथे अकरा आठवडे आहेत."

मी खुर्चीतच गार. कारण मामा, माझ्या साठांपैकी त्रेपन्न गोगलगायी बाराव्या आठवड्यात दगावल्या होत्या. त्या अकरा महिने का टिकल्या नाहीत याची माफी मागण्यात मी लेखाची तीन पानं घालवली होती. एवढंच नाही, प्रयोगशाळेच्या मदतनीसांनी खिडकी उघडी टाकली असणार असं मी चारचौघांत बोललो होतो, आणि ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हते. खिडकी बंद होती. गोगलगायी ठीक होत्या. माझं मोजमाप बरोबर होतं आणि पुस्तकं चुकली होती!

मी आधी मदतनीसांकडे गेलो. हात जोडले. ते बरण्या धूत होते. धुता धुताच म्हणाले, "मी तेव्हाच सांगत होतो." मग सरांकडे गेलो. सरांनीही आयुष्यभर अकरा महिनेच शिकवलं होतं. ते उठले, माझ्यासोबत ग्रंथालयात आले, पट्टीखालची ओळ उभ्यानेच वाचली, आणि विद्यार्थ्यासारखे म्हणाले, "बाई, माझे जुने लेखही एकदा पाहाल का?" बाई म्हणाल्या, "आणा. पण वाचलेलेच आणा."

माफीची तीन पानं काढून टाकली. लेख स्वीकारला गेला. (दोन परीक्षकांपैकी एकाने गोगलगायींबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, फक्त 'संदर्भसूची आदर्श आहे' असं म्हटलंय.) नोकरीचं पत्र गेल्या आठवड्यात हाती पडलं. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. आठवड्यांचे महिने पहिल्यांदा कुणी केले, हे बाईंनी शोधून काढलं. चौदा लेखांची साखळी निघाली, प्रत्येकाने आधीच्याचं उचललेलं. पहिली कडी म्हणजे तुमचा तीस वर्षांपूर्वीचा मोठा आढावा, मामा, पान बारा. जर्नलला दुरुस्ती छापायची आहे. फॉर्म सोबत जोडलाय. पत्र लिहायचं खरं कारण हेच. इकडचं तिकडचं बोलण्यात चार पानं गेली, कारण धीर होत नव्हता.

ता. क. २. तुम्ही सही केली नाहीत तर काय करायचं, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या लेखात दोनशे सहा संदर्भ आहेत. संगणक नव्हता तेव्हा हाताने लिहिलेले. मी सगळे पडताळले, दोनशे पाच बिनचूक आहेत. असा माणूस एका चुकीसाठी तोंड लपवणार नाही." माझ्याबद्दल त्या असं कधी बोललेल्या नाहीत. सही काळ्या शाईने करा, चौकटीच्या आत.