किनाबालूच्या आदल्या रात्री

बाबा, उद्या सकाळी सातच्या विमानाने मी बोर्निओला चालले आहे, किनाबालू चढायला. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. एक्कावन्न वर्षांची झाले, उजवा गुडघा कुरकुरतो, तरी चालले आहे.

कॉलेजात मला डोंगर दाखवणारी मैत्रीण संध्याकाळी पुण्याहून आली. उद्या दोघी बरोबरच निघणार. माझ्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर तिने सॅक टाकली आणि म्हणाली, "आज झोप काही यायची नाही. तुमच्या सिंगापूरचा तो कॅसिनो तरी दाखव." बारा वर्षं इथे राहून मीही कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. पासपोर्ट दाखवून शिरलो. एका टेबलाशी माझ्याच वयाचा एक माणूस पत्ता कोपऱ्यातून हळूहळू उचलत होता, मध्येच त्यावर फुंकर घालत होता. त्याला बघता बघता मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी एकोणीस वर्षांची, कड्यावरून नुकतीच घरी आलेली, कोपर सोललेलं. आई भेंडी चिरते आहे. तुम्ही तिच्या पुढ्यातली विळी ओढून घेता आणि माझ्या खांद्यावरची दोरी पात्यावर घासत राहता, तुटेपर्यंत. "जिवाचा जुगार माझ्या घरात चालणार नाही." आई मान वर करत नाही. दोरी माझी नव्हती हो, या मैत्रिणीची होती. तिला मी सांगितलं, बसमध्ये राहिली.

जुगार मी आज पाहिला, बाबा. त्या माणसाच्या फुंकरीने पत्ता बदलणार नव्हता. कड्यावर पाय कुठे ठेवायचा ते मी बघायचे, गाठ मी मारायचे, आणि ढग उतरले तर माघारी फिरायचं हेही मीच ठरवायचे. तुम्ही एकदा तरी येऊन बघायला हवं होतं.

बाहेर पाण्याकाठी बसल्यावर मैत्रिणीला खरं काय ते सांगून टाकलं. ती हसली. "मला तेव्हाच कळलं होतं. तुझे बाबा नवी दोरी घेऊन आमच्या घरी आले होते. म्हणाले, चुकलं माझं, पण तिला सांगू नकोस."

"आणि तू बत्तीस वर्षं गप्प बसलीस?"

"शब्द दिला होता गं."

मला रडू येईल असं तिला वाटलं असावं. मला राग आला. चुकलं हे तुम्हाला कळलं होतं, आणि ते तुम्ही मला सोडून तिला सांगितलंत! तिची दोरी भरून दिलीत, मला मात्र घरातच ठेवलंत. हे मी माफ करणार नाही. शिखरावर पोचले तरी नाही.

ती आता सोफ्यावर घोरते आहे. साडेचारला टॅक्सी येईल. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत मला अडवायला कुणीच नव्हतं. ही दरवर्षी "चल" म्हणायची, आणि मी सांगायचे, बाबांना आवडलं नसतं. घाबरत मीच होते.