अण्णांनी पास केलेली गाडी

४ जून

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गाडीबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही चष्मा पुसून नीट वाचाल. आमच्या छोट्या गाडीने आता हात टेकले आहेत. मागच्या सीटवर दोन्ही मुलांचे गुडघे त्यांच्याच हनुवटीला लागतात. घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देताना माझे दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात, आणि प्रत्येक चढावर मागचे लोक हॉर्न मारतात. फिजिओथेरपीवाल्या बाईंची गाडीच लंगडते, असं एका आजोबांनी परवा मला तोंडावर सुनावलं.

मी एक गाडी हेरून ठेवली आहे. मध्यम आकाराची सेडान, गडद निळी, सहा वर्षांची. मालक एकच, दातांचे डॉक्टर. इंजिन दमदार, गिअर हाताने टाकायचे, आणि वळणावर रस्ता सोडत नाही. बेचाळीस वर्षांची झाले अण्णा, आता एकदा तरी मला पळणारी गाडी हवी आहे. फक्त तिच्यात पाच माणसं आणि त्यांचं सामान मावलं पाहिजे. तुमच्या जावयांचं मत निराळं आहे. त्यांना शोरूममधली कोरी गाडी हवी, वॉरंटी असली की झोप लागते म्हणतात. सासूबाईंची अट एकच: आत बसता आलं पाहिजे आणि परत बाहेरही पडता आलं पाहिजे.

शेवटचा शब्द अर्थात तुमचा. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने कान लावल्याशिवाय आपल्या घरात आजवर एकही गाडी आली नाही. डॉक्टर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत, तर कधी येता ते कळवा. फोन केला की आई सांगते, ते बागेत आहेत. दीड वर्ष तुम्ही बागेत आहात, एव्हाना तिथे जंगल झालं असेल.

लोभ आहेच, थोडा वाढवलात तरी माझी हरकत नाही.

तुमची ठकू


१० जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. जावई म्हणतात ते बरोबर आहे, नवी घे. हल्लीच्या गाड्या चांगल्या असतात, काही बिघडलं तर कंपनी बघून घेते, आपल्या डोक्याला ताप नाही. सहा वर्षांत कोणी कशी हाकली असेल ते आपल्याला काय माहीत. माणूस दातांचा डॉक्टर आहे म्हणून क्लच जपून वापरत असेल असं नाही.

माझं येणं जमणार नाही. गुडघा कुरकुरतो आणि टोमॅटोला रोज पाणी घालावं लागतं. फोनचं म्हणशील तर फोनवर माणूस वाटेल ते बोलतो आणि विसरून जातो, पत्रात विचार करून लिहितो. तूही पत्रच लिहीत जा, तुझं अक्षर सुधारेल.

मुलांना गोड पापा. सासूबाईंना नमस्कार सांग आणि उंच सीटची गाडी बघ.

तुझे अण्णा


१६ जून

ती. अण्णांना,
सा. न. वि. वि.

अक्षर तुमचं आहे, पण भाषा शोरूमवाल्याची. नवी गाडी म्हणजे बोहल्यावरचा नवरदेव, त्या दिवशी सगळेच देखणे दिसतात, स्वभाव पाच वर्षांनी कळतो, हे गिऱ्हाइकांना कोण सांगायचं? गॅरेजच्या फळीवर बसून शाळेचा अभ्यास करताना मी ते हजारदा ऐकलं आहे. आणि आता तुम्हीच मला नवरदेव दाखवता!

तरी जावयांचा मान राखून शोरूमला जाऊन आले. तिथल्या पोराने डॅशबोर्डच्या दिव्यांचे आठ रंग दाखवले, छत उघडून दाखवलं, सीटमधून गार वारा सोडून दाखवला. मी बॉनेट उघडायला सांगितलं तर त्याला खटका सापडेना. शेवटी मीच उघडलं. चालवून पाहिली. गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू, पण लिफ्टमध्ये बसल्यासारखं वाटतं. आपण काही करत नाही, फक्त पोचतो.

मग सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले. सीट खाली आहे हे खरं. त्यांना युक्ती शिकवली: आधी पाठ गाडीकडे करून टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना उलट. तिसऱ्या खेपेला त्या माझ्या आधी बसल्या आणि ही किती पळते असं डॉक्टरांनाच विचारायला लागल्या. म्हणजे घरात एक मत माझ्या बाजूला आलं.

तुमच्या गुडघ्याचं म्हणाल तर मी गुडघ्यांवरच पोट भरते. कोणता गुडघा, ते तुम्ही लिहिलं नाहीत. दुसरं एक गिऱ्हाईक डॉक्टरांकडे घिरट्या घालतं आहे, तेव्हा या, नाहीतर खरं कारण कळवा. मी ऐकणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

लोभ राहू द्या, राग आला असेल तर तोही पत्राने पाठवा.

तुमची ठकू


२१ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

उजवा गुडघा.

हट्ट माझ्याकडूनच घेतला आहेस, त्यामुळे बोलायची सोय नाही. घ्यायचीच असेल तर मी सांगतो तसं कर. सकाळी लवकर जा, न कळवता. आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर मालकाने तू यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलं आहे, तशीच परत फिर. गार असेल तर सुरू कर आणि पहिले पाच सेकंद श्वाससुद्धा घेऊ नकोस. त्या पाच सेकंदांत इंजिन खरं बोलतं. खुळखुळ ऐकू आली तर इंजिनाच्या आतली टायमिंग चेन सैल आहे. ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. फुकट मिळाली तरी नको, हे पुन्हा लिहितो.

मग चालवताना खिडक्या बंद ठेव, रेडिओ बंद ठेव, मुलांना घरी ठेव. जे जे ऐकू येईल ते कागदावर लिहून मला पाठव. मी इथून सांगेन. डॉक्टरसुद्धा पत्राने औषध देतात म्हणे.

तुझे अण्णा

ता. क. ठकू, पाकीट चिकटवायला हे माझ्याकडे देतात, म्हणून चार ओळी घुसवते. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे, म्हणून मी काही सांगत नाही. फक्त घरची बातमी देते. आपल्या दाराची घंटा काढून तिथे लाल दिवा बसवला आहे. कोणी बटण दाबलं की पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात दिवा लागतो. दादाच्या गाडीचं झाल्यापासून यांनी कोणाच्या इंजिनाला हात लावलेला नाही. शनिवारी मी मावशीकडे जाते आहे, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आठवडाभर हे घरी एकटेच आहेत. एवढंच. – आई


२५ जून

ती. अण्णांना,
नमस्कार. आज वि. वि. नाही, मी चिडले आहे.

तुम्हाला ऐकू येत नाही. लिहिलं एकदाचं. आईवर डोळे वटारू नका, तिने शपथ मोडलेली नाही, फक्त दिव्याची बातमी दिली. बाकीचं मी जुळवलं: फोन, बाग, गुडघा, आणि जन्मभर नव्या गाडीला नावं ठेवणाऱ्याने अचानक केलेलं वॉरंटीचं कौतुक. माझे एक पेशंट भिंत धरून चालतात आणि रंग वाळला का ते बघतो म्हणतात. तुम्ही त्यांचे थोरले भाऊ शोभता.

दादाच्या गाडीचं ओझं तुम्ही एकटेच वाहता आहात. तुम्ही ती पास केलीत आणि चौथ्या महिन्यात भर रस्त्यात चेन उडून इंजिन बंद पडलं. मागे ट्रक होता, मागच्या सीटवर वहिनी आणि बाळ होतं. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून सगळे वाचले. मी काल दादाला फोन करून खोदून विचारलं. ती खुळखुळ त्याला चारही महिने रोज सकाळी ऐकू येत होती. वहिनीलाही. पण अण्णांनी पास केली आहे, म्हणजे हा आवाज असायचाच असणार, असं दोघांनी ठरवलं आणि कोणालाही दाखवलं नाही. असा शहाणपणा फक्त आपल्याच घरात होऊ शकतो. तुमचे कान गेले हा तुमचा दोष नाही. तुम्ही सांगितलं नाहीत हा आहे. आणि आम्ही आमचे धडधाकट कान तुमच्याकडे गहाण ठेवून मोकळे झालो, हा आमचा.

आता गाडी. आज सकाळी सात वाजता न कळवता गेले. डॉक्टर दात घासत बाहेर आले. बॉनेट गार होतं. पहिल्या पाच सेकंदांत खुळखुळ नाही. पण नंतर एक बारीक टिकटिक आहे, थांबतच नाही, आणि ती कसली ते मला कळत नाही. कागदावर आवाज लिहिता येत नाही, अण्णा. म्हणून रविवारी सकाळी मी गाडीच घेऊन येते आहे. डॉक्टरांनी एका दिवसासाठी दिली आहे. लाकडी मुठीचा लांब पेचकस काढून ठेवा. कान माझे, हात तुमचे. तुम्ही नाही म्हणालात तर त्या लिफ्टमध्ये बसेन आणि रोज तुमच्या नावाने खडे फोडेन.

दिवा लागला की दार उघडा.

ठकू


३० जून

ती. आईस,
सा. न.

मावशीच्या डोळ्याची पट्टी निघाली का? नेमकी तू नव्हतीस, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. मावशीलाही वाचून दाखव.

दिवा लागला आणि अण्णांनी दार उघडलं. माझ्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं. हात पाठीमागे बांधून तीन फेऱ्या मारल्या, एकदाही स्पर्श केला नाही. मग म्हणाले, मी हात लावणार नाही, पुन्हा चुकलो तर, हिच्यात पोरं बसणार आहेत. मला फार वाईट वाटलं, पण मीही तुझीच मुलगी. न तपासता घेते, असं मी ओरडून सांगितलं, आत बसले आणि इंजिन सुरू केलं. त्यांनी अर्धं मिनिट दम धरला असेल. मग हात आपोआप बॉनेटवर गेला आणि त्यांनी डोळे मिटले.

पेचकस त्यांनी काढूनच ठेवला होता, जिन्याखाली. टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची, ही त्यांची जुनी पद्धत. कानाला लावली, मान हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, मूठ सरळ दातांत धरली, म्हणजे थरथर थेट हाडातून कळते म्हणे! दातांच्या डॉक्टरांची गाडी अण्णांनी दातांनी तपासली, आई. चार ठिकाणी टोक लावून पाहिलं आणि सांगितलं की टिकटिक पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरांची आहे, ती असायचीच, थांबली तर काळजी कर.

रस्त्यावर निघालो तेव्हा त्यांनी बूट काढले आणि थरथर कळावी म्हणून तळपाय गाडीच्या तळाला टेकवून बसले. पन्नासच्या वर गेल्यावर एकदम हात वर केला. मला उजवीकडे वळवायला लावलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. घरी येऊन पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, माझा हात धरून चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक फिरवलं. बोटांना बारीक वाळू लागल्यासारखी कुरकुर लागली. बेअरिंग जात आलं आहे, ते बदल आणि बिनधास्त घे, म्हणाले. मग पायरीवर बसले आणि रडले. मीही रडले. शेजारच्या बाईंना वाटलं गाडी फारच महाग आहे.

गाडी घेतली. पण अण्णांकडून वचनही घेतलं की ते कान तपासून घेतील. आता तू मागे लाग.

तुझा लोभ मागायची गरज नाही, लक्ष तेवढं दोघांकडे ठेव.

तुझी ठकू


१९ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

बेअरिंग बदलल्याचं कळलं. जुनं फेकू नकोस, मला बघायचं आहे.

कानाचं यंत्र घेतलं. नवंच घेतलं, वापरलेलं मिळत नाही. तपासणाऱ्या बाईंनी मला कपाटाएवढ्या बंद पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि उजवा कान बराच शिल्लक आहे, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं म्हणाल्या. मी गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांना हेच सांगायचो, म्हणून वाद न घालता पैसे मोजले. घरी आल्यावर पहिलं स्पष्ट ऐकू आलं ते तुझ्या आईचं माझ्याबद्दलचं मत. नळाखाली भांडी धुताना ती ते बहुधा रोजच व्यक्त करत असावी. मी पुढच्या खोलीतून उत्तर दिलं, तर तिच्या हातून बशी पडली. तीही ऐकू आली.

दादाला पत्र लिहिलं. माझी चूक लिहिली, त्याची पण लिहिली. यापुढे आपल्या घरात अण्णांनी पास केली म्हणून कोणी गाडी घ्यायची नाही. मी हात लावीन, तुम्ही कान लावा, आणि खटकलं तर बापालाही खटकलं म्हणून सांगा. पायरीवर बसलो होतो तेव्हा सांगायचं राहिलं: त्या दिवशी तू आली नसतीस तर मी बागेतच राहिलो असतो. टोमॅटो या वर्षी आलेच नाहीत.

आता पत्र लिहू नकोस, रविवारी सकाळी फोन कर. मीच उचलेन. फक्त लगेच बोलायला लागू नकोस. आधी बॉनेट उघड, गार इंजिन सुरू कर आणि फोन त्याच्याजवळ धर. पाच सेकंद. मग तू बोल, मी सगळं ऐकतो.

तुझे अण्णा