बदामाची सत्ती

९ नोव्हेंबर, रविवार

हे आज दिवे लागायच्या आतच टपरीवरून परत आले. चहा न घेता खाटेवर बसले. मेंढीकोटच्या डावात हातात बदाम असून हुकमानं कापलं म्हणे! शिवाजी भाऊजी सगळ्यांदेखत बोलले, "रामकिसन, म्हातारपणी लबाडी?"

जन्मात कुणाच्या काडीला हात लावला न्हाई ह्यांनी. लबाडी नव्हतीच ती. विसरले! दिवाळीच्या आधीपासून मी पाहून राह्यले — गॅस, चपला, नातीचं नाव. मी कुणाला बोलले न्हाई. बोललं की खरं होईल असं वाटतं.

११ नोव्हेंबर

टपरीवर गेलेच न्हाईत. "माझ्यासंग भिडू कोण होईल आता?" एवढंच बोलले.

१२ नोव्हेंबर

म्हणलं, मला शिकवा. मी होते भिडू! हसले — किती दिवसांनी! लगेच पत्ते काढले. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. जास्त मेंढ्या धरील त्याचा डाव. आलेला रंग हातात असला तर तोच द्यायचा, नसला तरच हुकमानं कापायचं. भिडूनं समोर बसायचं, पण डोळ्यानंसुद्धा काही सांगायचं न्हाई.

१७ नोव्हेंबर

पडलेलं पान माझ्या ध्यानातच राहत न्हाई. "डोकं कुठंय तुझं, बाई!" वरडतात. वरडू द्या. शिकवताना ह्यांची एक चूक होत न्हाई. जुनं सगळं पाठ, आत्ताचं तेवढं निसटतं. भाजी निवडता निवडता मी मनात पानं मोजते.

२३ नोव्हेंबर, रविवार

मीच शिवाजी भाऊजींना आन् नंदाबाईला घरी बोलावलं. नवरा-बायको विरुद्ध नवरा-बायको! हे इस्त्रीचा सदरा घालून बसले.

डाव रंगात आल्ता. मी बदामाची राणी टाकली. भाऊजी, नंदाबाई — दोघांचे बदाम मघाशीच संपलेले, मी बघितलं होतं. ह्यांनी हुकमानं कापलं. बदामाची सत्ती अजून पडली नव्हती, माझ्याकडंही नव्हती. मंग ती कुठं?

भाऊजींची मान वर व्हायच्या आत मी हातातली पानं ढिगात फेकली. "अगं बाई! वाटण्यात चुकले मी, एक पान जास्त आलंय!" सगळी पानं कालवून टाकली. नंदाबाई पोट धरून हसली, "नवशिकी गं नवशिकी!" भाऊजीही हसले. हे तेवढे हसले न्हाईत.

२४ नोव्हेंबर

सकाळी भाकरी थापत होते. हे येऊन शेजारी बसले. "सत्ती माझ्यापाशीच होती. तू बराबर वाटल्ती."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"मला कळून राह्यलंय गं सगळं. पोरांना सांगू नको इतक्यात." मंग म्हणले, "पानं आता तू ध्यानात ठेव. मी समोर बसतो."