साडेअकरा आटे

बाबा, परवा माझ्या लेकीनं लोणच्याच्या बरणीचं झाकण वाकडं बसवलं, वर जोर लावून आवळलं, आणि मी थेट तुमच्या आवाजात ओरडले. "आधी उलटं फिरव. टक् झालं की मग सुलटं." ती म्हणाली, "पण आई, तो घट्ट झाली ना, मग प्रॉब्लेम काय?" तिचं मराठी हे असं. परदेशातल्या, माबेलाच्या या स्वयंपाकघरात तिला मराठीत रागावणारी मी एकटीच, त्यामुळे तिला माझं रागावणंसुद्धा भाषेचा क्लास वाटतो. ती गेल्यावर मी बरणी पुसत बसले, आणि तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली तरी तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय हे पुन्हा आठवलं.

इथल्याच रुवीतली आपली ती एक खोली. आई आणि मी दोन वर्षं तिथं राहिलो. तुम्ही रुसैलच्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये फिटर, कंपनीच्या बसनं घरी यायचात, आणि साबणानं तीनदा हात धुतले तरी भाकरीला ग्रीसचा वास लागतो म्हणून आई कुरकुरायची. मी ओट्यावर बसलेय. माझ्या हातात बरणी आहे, झाकण अडलंय आणि मी दात-ओठ खाऊन पिरगाळतेय. तुम्ही बरणी काढून घेता. "जोर कुणाला दाखवतेस गो बाय? आटे मेले की झाकणही गेलं नि बरणीही." मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. डोळे मिटायला लावलेत, आट्यांवरून नख फिरवायला लावलंत, आणि झाकण उलटं फिरवताना ते खाली बसल्याचा तो बारीक टक् ऐकू येईपर्यंत मला सोडलं नाहीत. तेव्हा मला तुमचा मनापासून राग आला होता. आज त्याच रागाचे आभार मानायला बसलेय.

सरहद्दीपलीकडे येमेनला आधीची लढाई संपली तेव्हा कंपनीनं तुम्हाला तिकडे पाठवलं होतं. परत आल्यावर तुम्ही एका गावाचं तेवढं सांगितलंत. कुठल्याशा देशानं पंप भेट दिलेला, नवाकोरा, वर झेंड्याचं चित्र. गावातल्या पाइपाशी त्याचे आटे जुळेनात. गावातली एक बाई त्याच्यावर कपडे वाळत घालायची आणि पाणी आणायला दोन डोंगर ओलांडून जायची. तुम्ही लेथवर एक जोडतुकडा कापून दिलात, एका तोंडाला पंपाचे आटे, दुसऱ्याला पाइपाचे. "जगात कामाचा दुतोंड्या हा एवढाच," म्हणालात आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसलात.

मग मी पुण्याला इंजिनिअरिंगला निघाले. मैत्रिणींच्या वडिलांनी घड्याळं दिली होती. तुम्ही तुमची आटे मोजायची पात्यांची पट्टी दिलीत, दातेरी, कडेला गंजलेली. आपण तिला कंगवा म्हणायचो. माझं तोंड उतरलेलं तुम्हाला दिसलं असणार.

आता मी त्याच रुसैलला आहे, मालाची तपासणी करते. गेल्या महिन्यात पंपांच्या चाळीस पेट्या आल्या. पुन्हा तोच देश, पुन्हा लढाईनंतरची मदत, येमेनमधल्या गावांची पाणीयोजना उभी करायला. माझी सही झाली की माल ट्रकवर चढणार. तिकडचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, जुने पाइप शाबूत आहेत, तेवढं एक बरं. मी म्हटलं, मग त्यातला एक तुकडा पाठवा. ट्रक ड्रायव्हरनं तो फडक्यात गुंडाळून आणून दिला. मी गोडाऊनमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटले आणि नख फिरवलं. काहीतरी खटकलं. पट्टी लावली. पाइपाला इंचात अकरा आटे, पंपाला साडेअकरा. अर्ध्याचा फरक, बाबा. दोन-तीन वेढे असं गोड बसतं की वाटतं जमलंच, आणि मग अडतं. जोर लावला तर बसतंही, पण आटे मरतात आणि जन्मभर गळत राहतं.

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, फ्री का माल है, कौन पूछता है? साइन करो, खलास." मदतीचा नियम असा की सगळं त्या देणाऱ्या देशातूनच घ्यायचं, त्यामुळे इथं जोडतुकडे करून घ्यायचे तर त्यांची परवानगी हवी. माल अडवला तर कंपनी चिडणार, आणि माझा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. पण मला ती कपडे वाळत घालणारी बाई दिसत होती, जिला मी कधी पाहिलंही नाही. मी सही केली नाही. त्या देशाचा साहेब तपासायला आला तेव्हा भाषण न देता त्याच्या हातात पंप आणि तुकडा दिला, म्हटलं, तुम्हीच बसवा. तीन वेढे झाले. मग तुकडा अडला. त्यानं जोर लावला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा जोर लावला आणि हात पुसत म्हणाला, "किती तुकडे लागतील?"

रुसैलच्याच लेथवर चाळीस दुतोंडे कापले. माल आठ दिवस उशिरा गेला, माझा व्हिसाही झाला. काल तिकडच्या इंजिनिअरनं व्हिडिओ पाठवला. नळाखाली पिवळा कॅन, त्यात पाणी पडतंय आणि मागून कुणीतरी बाई मोठमोठ्यानं हसतेय. मी तो लेकीला दाखवला. म्हटलं, हे तुझ्या आजोबांचं काम. ते खरंच तुमचं आहे, बाबा. मी फक्त नख फिरवलं.

हे पत्र घडी करून पट्टीच्या डबीत ठेवणार आहे. पण ही पट्टी नवी आहे, रुवीच्या दुकानातून घेतलेली. तुमचा कंगवा मी पहिल्याच वर्षी हॉस्टेलच्या कपाटात टाकून आले, विसरून नाही, लाज वाटली म्हणून. तुम्ही दर फोनवर विचारायचात, "कंगवा आहे ना गो बाय?" मी म्हणायचे, आहे. तुम्ही म्हणायचात, "मग झालं."

नव्हता, बाबा.